भाऊचा माऊ करणारी चमक

कराडच्या कोल्हापूर नाक्यावर उभं राहा आणि मान वर करा. वाढदिवस, निवड, फेरनिवड, नियुक्ती, दहावीचं यश, बारावीचं यश. प्रत्येक फलकावर अक्षर सोन्याचं, त्याला चंदेरी काठ, पोटात मोरपंखी छटा, भोवती जांभळी झळाळी. आता एकच काम करा. ते अक्षर वाचून दाखवा.

नाही ना वाचता येत?

चमकत्या अक्षराशी माझं भांडण नाही. ते मला मनापासून आवडतं. संगणकावर साध्या काळ्या अक्षरातून तवंगाचे रंग उमटवणं ही खरी कला आहे, आणि तिला डोळा लागतो. राग आहे तो तिला रस्त्यावर आणून उन्हात मारण्याचा.

आधी चमक म्हणजे काय ते बघू. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात डिझेलचा थेंब पडतो आणि पाण्यावर गुलाबी-हिरवी नक्षी पसरते. साबणाच्या फुग्यावर तेच, शिंपल्याच्या आतल्या अंगाला तेच, मोराच्या पिसावरही तेच. यातल्या एकातही तो रंग घोळलेला नसतो. मोरपिसातलं रंगद्रव्य तपकिरी-काळं असतं! निळा-हिरवा दिसतो तो अतिसूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळल्यामुळे. डबक्यावरच्या तवंगाची जाडी मिलिमीटरच्या काही दशहजारांश भागांएवढी. सी. व्ही. रामन यांच्यासारख्या शास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात शिंपल्यांच्या आणि पिसांच्या रंगांचा अभ्यास केला तो उगाच नाही.

थोडक्यात, ही चमक रंगाची नसते. ती हालचालीची असते. डोळा हलला की रंग बदलतो. आपल्या भागातल्या बायकांनी धूपछाव लुगडं पिढ्यान् पिढ्या नेसलं. त्यात ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. बाई चालली की पदर रंग बदलतो. खुंटीवर टांगला की मुकाट.

फलक तर कायमचाच खुंटीवर.

खऱ्या चमकत्या अक्षराचा नमुना पाहायचा असेल तर खिशातली पाचशेची नोट काढा. पुढच्या बाजूला, उजवीकडे खाली, रुपयाच्या चिन्हासह छापलेला पाचशेचा आकडा पाहा. नोट जरा कलती करा. हिरव्याचा निळा झाला? २०१६ पासून ही नोट तुमच्या-आमच्या हातात आहे. आणि गंमत बघा, रंग बदलतो पण आकडा क्षणभरही अवाचनीय होत नाही. तिथे चूक परवडत नाही, म्हणून.

आता संगणकाकडे वळू. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं. सावली, उठाव, झळाळी हे सगळं एका टिचकीवर मिळू लागलं ते १९९८ च्या आवृत्तीपासून. त्याआधी अक्षर उठावदार करायला चॅनेल्सशी झटापट करावी लागे. झटापट होती तोवर माणूस विचार करत होता. टिचकी आली आणि विचार सुट्टीवर गेला.

तरीही हात बसलेला माणूस या टिचक्यांपलीकडे जातो. त्याची रीत साधारण अशी. काळी पार्श्वभूमी, त्यावर ठसठशीत अक्षर. वेगळ्या लेअरवर ढगांचा फिल्टर. मग कर्व्हजमधली तिरपी रेघ नागमोडी करायची. एका राखाडी ढगातून उजेड-अंधाराच्या चार-पाच पट्ट्या निघतात. त्यावर ग्रेडियंट मॅप टाकायचा: गुलाबी, आकाशी, पोपटी, जांभळा. हा लेअर अक्षरात क्लिप केला की अक्षराच्या अंगावर डबक्यातला तवंग उतरतो. कडेला हलका उठाव, बास. पहिल्यांदा जमलं की पोरगं खुर्चीतून उठून शेजाऱ्याला हाक मारतं. मारावीच.

आणि अक्षर खरंच लुकलुकायला हवं असेल तर? त्याच अक्षरावर दाणेदार नॉइजचे तीन लेअर करायचे, प्रत्येकात दाणे वेगळे. ते आळीपाळीनं, सेकंदाच्या एक दशांशानं दाखवायचे. झाली चमकी. ऑर्कुटवर आपण एकमेकांना दिवाळीच्या ज्या चमचमत्या शुभेच्छा पाठवल्या त्या अशाच बनत. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं. चमकी व्हॉट्सॲपच्या 'शुभ सकाळ'मध्ये राहायला गेली.

म्हणजे पडद्यावर चमकायला किमान दोन-तीन चौकटी लागतात. फ्लेक्सला मिळते एक.

मग फ्लेक्सवर नेमकं काय छापतात? एका क्षणी गोठलेली चमक. म्हणजे पिवळ्या, तपकिरी आणि राखाडी पट्ट्या. पडदा स्वतः प्रकाश फेकतो, फ्लेक्स पडलेला प्रकाश परत देतो. पडद्यावरची झगझगीत निळाई आणि जांभळाई चार शायांच्या छपाईत तशीच्या तशी उतरत नाही, कुठल्याच मशिनवर नाही. ऑपरेटरनं रात्री अकराला पाहिलेलं सोनं सकाळी नाक्यावर हळद सांडल्यासारखं दिसतं. बारीक दाणे तर मोठ्या छपाईत विरूनच जातात. गिऱ्हाईक मशिनला शिव्या देतं.

मशिननं काय केलं? तिनं जे छापता येतं ते छापलं.

या सगळ्यात मार कोण खातं? देवनागरी.

इंग्रजी अक्षरं सुटी उभी असतात. त्यांना कितीही फुगवा, शेजाऱ्याला धक्का कमी लागतो. आपलं अक्षर शिरोरेखेला बांधलेलं. वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार, पोटात जोडाक्षरं. त्यावर आधी काळा स्ट्रोक, मग पांढरा स्ट्रोक, मग सोनेरी, मग झळाळी. चार पांघरुणांखाली अनुस्वार कुठे सापडणार? 'अभिनंदन'वरचा ठिपका झळाळीत बुडतो. 'ष'च्या पोटातली तिरकी रेघ भरून येते आणि तिथे 'प' उभा राहतो.

सगळ्यात वाईट हाल 'भ'चे. 'भ' आणि 'म' यांत फरक किती? शिरोरेखेत एक फट आणि डोक्याशी एक छोटी गाठ. जाड स्ट्रोक दिला की फट बुजते. फट बुजली की 'भाऊ'चा 'माऊ' होतो. ज्याच्या सन्मानासाठी वीस फुटी फलक लावला, त्याचं भर चौकात मांजर केलं. 'ध' आणि 'घ' यांचंही तेच. धडाडीचं नेतृत्व एका स्ट्रोकमध्ये घडाडीचं होतं.

कोणी तक्रार करत नाही. कारण कोणी वाचतच नाही. फोटो बघतात.

हिशोबच करा. ताशी साठच्या वेगानं गाडी सेकंदाला साधारण सतरा मीटर पुढे जाते. फलक वाचायला तीन सेकंद धरले, तर वाचायला सुरुवात पन्नास मीटरवरून व्हायला हवी. अक्षराचा जुना ठोकताळा असा की सहज वाचता येण्यासाठी दर दहा फुटांमागे एक इंच उंची. पन्नास मीटर म्हणजे एकशे चौसष्ट फूट. अक्षर हवं सोळा-सतरा इंची. दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर एवढं अक्षर आरामात बसतं.

पण बसवणार कुठे? तिथे आधीच दोन डझन चेहरे बसलेत.

फ्लेक्स यायच्या आधी आपल्याकडे पेंटर होते. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात तर नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव मेस्त्रींचं 'पेंटर' हेच आडनाव झालं, आणि त्यांनी पुढे चित्रपट घडवले. त्या परंपरेतला दुकानाच्या पाट्या रंगवणारा साधा माणूसही एक गोष्ट जाणून होता: उजेड एका बाजूनं येतो. अक्षराच्या डाव्या खांद्यावर पांढरी रेघ, उजव्या बुडाला गडद छाया. संपलं. दोन फटकाऱ्यांत अक्षर भिंतीतून बाहेर यायचं आणि समोरच्या एसटीतून वाचता यायचं.

आजच्या फलकावर किती सूर्य आहेत? नाव एका रेडीमेड पीएसडीतून उचललेलं, तिथे उजेड वरून. पदवी दुसऱ्या फाइलमधली, तिथे डावीकडून. 'हार्दिक शुभेच्छा' तिसरीकडची, तिथे खालून. फोटोशॉपमध्ये सगळ्या लेअरना एकच प्रकाशदिशा देणारा 'ग्लोबल लाइट'चा चौकोन असतो. त्यात एक टिक करायची असते. तीही जड झाली?

अक्षरकार कमल शेडगे यांच्या अक्षरांकडे बघा. नाटकाच्या जाहिरातीत, वर्तमानपत्राच्या काळ्या-पांढऱ्या छपाईत, ना सोनं ना झळाळी. नुसत्या अक्षराच्या वळणातून नाटक विनोदी की गंभीर ते कळायचं. २०२० मध्ये ते गेले. त्यांची अक्षरं आजही नाव वाचण्याआधी स्वभाव सांगतात. एका शाईत.

मी ऑपरेटरला दोष देत नाही, हे स्पष्ट सांगतो. तो खुर्चीत बसलेला असतो, पाठीमागे चार जण उभे. मॅटर व्हॉट्सॲपवर आलेलं, त्यात 'हार्दिक' हार्दीक झालेलं. त्यानं नीट, स्वच्छ, एका रंगात नाव लावलं की मागून आवाज येतो, "भावा, जरा आणि चमक मार की!" तो मारतो. पुन्हा आवाज, "शेजारच्या गावाचं बघ, कसं झळकतंय." तो आणखी मारतो. तिसऱ्या आवाजाला अक्षर मरतं.

आणि या बिचाऱ्याला मोबदला कशाचा? फ्लेक्सचा भाव स्क्वेअर फुटावर. डिझाइन फुकट. कापडाला किंमत, शाईला किंमत, लाकडी पट्ट्यांना किंमत, अक्षराला शून्य. ज्या गोष्टीला शून्य मिळतं ती गोष्ट माणूस किती वेळ घोटणार?

फुकटच्या अक्षरात 'भ'ची फट कोण शोधणार?

दुसरी बाजूही बोलायला हवी. बेकायदा फलकांविरुद्ध २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, ती आपल्याच जिल्ह्यातून. सुस्वराज्य फाउंडेशन, सातारा. जानेवारी २०१७ मध्ये तिच्यावर सविस्तर निकाल आला आणि राज्यभरच्या पालिकांना फलक उतरवण्याचे आदेश मिळाले. राज्याला नियम मिळाला तो सातारकरांच्या याचिकेमुळे. मग सातारा जिल्ह्यातल्या चौकात तो पाळायला कोण येणार, पुणेकर?

आणि कराड तर कराड! २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये देशात पहिलं आलेलं गाव. गटार साफ, रस्ता साफ, कचरा वेगळा. त्याचा अभिमान मला आहे. पण सर्वेक्षण जमिनीकडे बघतं. डोळ्याच्या उंचीवर काय लोंबतंय ते कोण मोजणार?

वाढदिवस संपला की फ्लेक्स जातो कुठे? कडब्याच्या गंजीवर, गोठ्याच्या पत्र्यावर, ऊसतोड मजुराच्या कोपीवर. पाऊस अडवण्याचं काम तो इमानानं करतो. प्लास्टिक आहे, कुजत नाही. चमक मात्र उन्हानं आधीच खाल्लेली असते.

तर मग चमकतं अक्षर करूच नये का? जरूर करावं, पण जिथे ते जगतं तिथे. स्टेटसला लावायचा व्हिडिओ असेल तर तवंग फिरवा, रंग वाहू द्या, लोक थांबून बघतील. लग्नपत्रिका असेल तर सोनेरी फॉइल मारा. तापलेल्या साच्यानं कागदावर दाबलेला तो खरा धातूचा थर आहे, पत्रिका हातात हलली की तोही हलतो. दुकानाची पाटी असेल तर अक्षर कापून मागून दिवा लावा.

फ्लेक्सवर नको.

फ्लेक्सवर गडद पार्श्वभूमी, फिकं अक्षर, एक रंग, एक सावली, मोकळी शिरोरेखा. फाइल मशिनला सोडण्याआधी नाव ए-फोर कागदावर छापा आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला धरा. ज्यानं मॅटर टाइप केलं नाही अशा माणसाला वाचायला सांगा. अडखळला तर एक स्ट्रोक काढा. पुन्हा अडखळला तर दुसरा काढा. पाच मिनिटांचं काम, आणि कागद दोन रुपयांचा.

आणि मालकांनो, बिलावर कापडाच्या ओळीखाली आणखी एक ओळ घाला: अक्षरजुळणी, एवढे रुपये. गिऱ्हाईक कुरकुर करेल. त्याला 'भाऊ'चा आणि 'माऊ'चा असे दोन नमुने शेजारी ठेवून दाखवा आणि विचारा, यातला कुठला छापू?