छत्तीसपैकी शून्य गुण

पत्रिका जुळवून लग्नं ठरवणाऱ्यांना एकदा खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर बसवायला हवं. तिथे त्यांचं शास्त्र उलटं चालतं. दोन एंजलफिशचा रंग एक, बांधा एक, आहार एक, असे छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले, की समजावं, दोघांपैकी एकाची शेपटी आठवडाभरही शाबूत राहणार नाही.

आधी एक घोटाळा निस्तरू. कुर्ल्याच्या मासेबाजारात ‘एंजल’ मागितला की पिशवीत जो त्रिकोणी, लांब परांचा मासा मिळतो, तो गोड्या पाण्यातला, मूळचा ॲमेझॉनकडचा. समुद्रातल्या एंजलशी त्याचं नातं फक्त नावाचं. समुद्रातल्यांचं कुळ वेगळं, जाती नव्वदेक. खूण म्हणजे कल्ल्याच्या झाकणावर, गालाशी, मागे वळलेला काटा. जाळीनं धरायला गेलं की हा काटा जाळीत अडकून बसतो. गालावर काटा वागवणाऱ्याकडून गोडीगुलाबीची अपेक्षा ठेवायची नसते.

भांडणाचं मूळ जेवणात आहे. खडकावरचं शेवाळ, स्पंज, किडूकमिडूक यांवर यांचं पोट, आणि त्यासाठी प्रत्येकाचा इलाखा ठरलेला. आपल्यासारखा दिसतो तो आपल्याच ताटावर बसायला आला, ही त्यांची पक्की समजूत. समुद्रात हरलेला दुसरा खडक गाठतो. चार फुटी टाकीत तो काच गाठतो.

या समजुतीला सगळ्यात सुंदर उत्तर एम्परर एंजलच्या पोरांनी शोधलंय. मोठा एम्परर निळा, त्यावर पिवळे आडवे पट्टे, डोळ्यांवर काळी पट्टी. पिल्लू मात्र गडद निळं, अंगावर एकात एक पांढरी वर्तुळं. इतका फरक, की जुन्या अभ्यासकांनी पिल्लाला वेगळीच जात मानून त्याला निकोबारचं नाव देऊन टाकलं होतं. थोरल्याला हा प्रतिस्पर्धी वाटू नये म्हणूनच हा वेगळा पोशाख, असं मानतात. वयात आल्यावर पोशाख बदलतो, तोवर अंगात बळ आलेलं असतं. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबांना ही युक्ती सुचली असती, तर कित्येक दिवाणी दावे वाचले असते.

दुकानात भेटतं ते हेच पिल्लू. बोटभर, वर्तुळांनी मढलेलं. आपण विचारतो, “हा किती वाढतो हो?” दुकानदार शांतपणे सांगतो, “साहेब, टाकी जेवढी, तेवढाच राहतो मासा.” हे वाक्य मुंबईपासून मिरजेपर्यंत सगळ्या मासेवाल्यांना जन्मतः पाठ असतं. एम्परर चाळीस सेंटिमीटरपर्यंत जातो, म्हणजे जवळजवळ हातभर. दिवाणखान्यातल्या टाकीत त्याला वळायचं तर आधी मागे यावं लागेल.

म्हणून बुटके एंजल पाहावेत: कोरल ब्युटी, फ्लेम, लेमनपील. दहा ते पंधरा सेंटिमीटरचा ऐवज, अडीच-तीनशे लिटरच्या टाकीत एक सुखानं राहतो. एक. आणि तोही सगळ्यांत शेवटी सोडायचा, कारण आधी आलेला स्वतःला घरमालक समजतो. रॉक ब्युटीच्या नादी लागू नये. त्याला मुख्यतः स्पंज लागतो, नाहीतर भरल्या टाकीत तो उपाशी मरतो.

जोडीच हवी असेल आणि टाकी खरोखर मोठी असेल, तर जेनिकँथस घराणं बघा. हे खडक कुरतडत नाहीत, उघड्या पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातात, त्यामुळे बुटक्यांशी त्यांचा ताटाचा तंटा नाही. नर आणि मादीचे रंगही वेगळे. यात गंमत अशी, की दोन माद्या आणल्या तर त्यांतली वरचढ मादी हळूहळू स्वतःच नर होऊन बसते. स्थळ शोधायची कटकट मिटली.

यांतले बहुतेक मासे टाकीत जन्मलेले नसतात, समुद्रातून धरून आणलेले असतात. तेव्हा निवड चुकली तर ‘बदलून द्या’ म्हणून भागत नाही. पहिल्या टाकीला एक कोरल ब्युटी पुरे. एम्पररचीच हौस असेल, तर लक्षद्वीपला जाऊन पाण्यात डोकं घाला. तिथल्या प्रवाळखडकांवर तो आहे, आणि त्याची टाकी कुणाला धुवावी लागत नाही.