टक् आणि टॉक्

सोसायटीच्या जिन्यात सिमेंटची पहिली गोणी चढली, की काका आलेच म्हणून समजावं. आमंत्रण लागत नाही. बँकेतून निवृत्त झालेले, मुलुंड पूर्वेला हयात गेलेली, हाफ शर्टाच्या खिशात दहा रुपयांचं नाणं. ते रिक्षासाठी नव्हे, लाद्या वाजवण्यासाठी. खालून नीट भरलेली लादी ‘टक्’ म्हणते आणि पोकळ लादी ‘टॉक्’. हा फरक काकांना दुसऱ्या खोलीतून ऐकू येतो. काकूंची हाक त्याच खोलीतून ऐकू येत नाही.

“चार कोपऱ्यांत चार गोळे, मध्ये एक, आणि वरून दाबली लादी! मधल्या पोकळीवर गॅसचा सिलिंडर आदळला की उभी चीर,” हे ते घरमालकाला मराठीत समजावतात आणि मिस्त्रीला त्यांच्या हिंदीत. “ए भाई, ये पोकळ बोलता है.” मिस्त्री गोरखपूरकडचा, शांत माणूस. “अंकल, पहले सूखने दो, फिर बजाना.” काका माघार घेतात, पण फक्त चहा होईपर्यंत.

खरेदीलाही ते बरोबर येतात. वहिनींना एवढंच हवं असतं की लादीवर धूळ दिसू नये. काकांचा प्रश्न वेगळाच असतो: लादी पाणी किती पिते? सिरॅमिकची थोडंफार पिते, व्हिट्रिफाइडची अर्धा टक्कासुद्धा नाही, म्हणून तिला नुसता सिमेंटचा रबडा धरून ठेवत नाही, अ‍ॅडहेसिव्हच हवं. हे पटवायला ते एल.बी.एस. मार्गावरच्या दुकानात लादी उलटी करून तिच्या पाठीवर बाटलीतलं पाणी ओततात आणि सगळ्यांना वाकून बघायला लावतात. दुकानदार निमूटपणे फडकं आणतो. मग हळू आवाजात, एखादं गुपित काढून घ्यावं तसा सवाल: “माल मोरबीचाच ना?” देशातल्या बहुतेक लाद्या मोरबीलाच बनतात, त्यामुळे उत्तर ‘हो’ असंच येतं. तरी बाहेर पडताना काकांच्या चेहऱ्यावर काहीतरी वदवून घेतल्याचं समाधान असतं.

टेम्पोतून खोकी उतरली, की प्रत्येकावरचा शेड नंबर ते चष्मा कपाळावर सरकवून वाचतात. दोन बाय दोनच्या खोक्यात 4 लाद्या, म्हणजे साधारण साडेपंधरा चौरस फूट; वर तुटफुटीला दहा टक्के. हा हिशेब बरोबर असतो, हे मान्य करावंच लागेल. ज्यांनी तो ऐकला नाही, त्यांच्या हॉलच्या एका कोपऱ्यात आजही वेगळ्या बॅचच्या, किंचित पिवळसर लाद्या आहेत. पाहुण्यांना त्या दिसत नाहीत. काका दाखवतात.

पण त्यांचा खरा जीव तुकड्यात. आमच्याकडच्या इमारतींत कुठलीही भिंत दुसरीला काटकोनात भेटत नाही. जुन्या दहा इंची मोझॅइकने ते इतकी वर्षं झाकलं. मोठी चौकोनी लादी टाकली, की खोली तिरकी निघते आणि शेवटी कुठेतरी कापलेला तुकडा बसवावाच लागतो. काकांच्या नीतिशास्त्रात तो पलंगाखाली, कपाटामागे, फार तर बाल्कनीच्या दाराशी जावा. मुख्य दारातून आत येणाऱ्याच्या नजरेला पडता कामा नये. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी ते टेपने खोलीचे कर्ण मोजतात, लाद्या कोरड्याच मांडून बघायला लावतात. मिस्त्रीची अर्धी सकाळ त्यात जाते. सोसायटीच्या नियमानुसार दुपारी 2 ते 4 ठोकाठोक बंद असते, तेवढीच त्या बिचाऱ्याला विश्रांती.

बाथरूमचा ढाळ तपासण्याचा सोहळा वेगळा. बादली ओतायची आणि पाणी कुठे निघालं ते स्टुलावर बसून बघायचं. आमच्याकडे ते जाळीऐवजी दाराकडे निघालं. काकांना इतकं खूश मी मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

यंदा पुनर्विकासाची सभा भरली. कलम 79अ, कार्पेट एरिया, कॉर्पस फंड, भाडं यांवरून आवाज चढलेले असताना काका उठले. “नवीन फ्लॅटमधल्या लाद्या एकाच बॅचच्या असतील का?”

हशा पिकला. बिल्डरचा माणूस म्हणाला, “अंकल, सगळं इम्पोर्टेड देणार.”

“इम्पोर्टेड नको, मोरबीचंच टाका. पण तुकडा दारात येणार नाही, हे लेखी द्या.”

सचिवांनी मुकाट्याने इतिवृत्तात लिहून घेतलं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे, गेल्या दिवाळीत सगळं घर नवीन केलेले गृहस्थ कळवळून म्हणाले, “काका, बिल्डिंग पडणार, मग माझ्या लाद्या? अख्ख्या काढता येतील का हो? गावच्या घराला तरी होतील.”

“साध्या मालावर बसवल्या असत्या, तर निघाल्या असत्या. अ‍ॅडहेसिव्हवरच्या नाही निघत. फुटतात.”

“अहो, अ‍ॅडहेसिव्ह तुम्हीच घ्यायला लावलंत!”

काका क्षणभर थांबले.

“मग पोकळ नाहीत,” ते म्हणाले, “एवढं मात्र नक्की.”