हात धुऊन मोबाइलच्या मागे

कोरोनाने आमच्या पोरांना हात धुवायला शिकवलं, असं छातीठोकपणे सांगणारे पालक फैजपुरात अजून भेटतात. शिकवलं ना! वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यात, नखांखाली. पोरं शिकली आणि हात धुऊन मोबाइलच्या मागे लागली. पहिली सवय कधीच सुटली. दुसरीचं काय, ते घरोघरी दिसतंच आहे.

पहिल्या दिवसांतली भीती खरी होती. 2020च्या उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्याने फार सोसलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढचा क्रम जरा आठवा. राज्यात दारूची दुकानं उघडू लागली मे 2020मध्ये. पहिलीच्या वर्गाला परवानगी मिळाली 1 डिसेंबर 2021पासून. मधल्या काळात लग्नं लागली, ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, गुलाल उधळला. धोका काय तो गल्लीतल्या क्रिकेटमध्ये! स्पेननेही पोरं कोंडली होती. पण सहा आठवड्यांनी, 26 एप्रिल 2020पासून, मोठ्या माणसाबरोबर रोज तासभर बाहेर सोडली. आपल्याकडे असा तास कुणी दिला नाही, कारण कुणी मागितलाच नाही.

इटलीत व्हेरोनाला संशोधकांनी 41 लठ्ठ मुलांची टाळेबंदीच्या आधीची आणि तीन आठवड्यांनंतरची दिनचर्या ताडून पाहिली. पडद्यापुढचा वेळ दिवसाला जवळपास पाच तासांनी वाढला होता, खेळ आठवड्याला दोन तासांहून जास्त घटला होता. भाजी होती तेवढीच. वेफर्स आणि गोड पेयं वाढली. हे तीन आठवड्यांत. आमच्या पोरांनी तर मोठं पारायणच केलं.

आणि कुठे? यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात! टाळेबंदीत केळीचे भाव पडले, बाप कपाळाला हात लावून बसला, आणि त्याच घरातलं पोर पाच रुपयांचं बटाट्याचं पाकीट फोडत होतं. निदान केळीचे वेफर्स तरी खा, बाबा!

जेवण बघायचं असेल तर आजही कुठल्याही घरात डोकवा. मोबाइल तांब्याला टेकवून उभा. आजी कळण्याची भाकरी न् भरताचा घास तोंडात सारते. आत वांगं गेलं की बटाटा, पोराला पत्ता नाही. मध्येच जाहिरात लागली की जबडा थांबतो. ती कुठे दाबून घालवायची, हे आजीला आता पाठ आहे.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी अंग हलवावं, दमावं, घाम गाळावा. आमच्याकडे घाम येतो तो चार्जर सापडला नाही की.

सगळं खापर पोरांवर फोडायचं कारण नाही. घरात बसलेलं पोर गप्प असतं, गुडघे फोडून घेत नाही, शेजाऱ्यांची काच फोडत नाही, हा शोध मोठ्यांना 2020मध्ये लागला आणि भारीच आवडला. विषाणू ओसरला तरी शोध कोण सोडतो? ‘आमचं पोर भलतं गुणाचं, दिवसभर उंबरा ओलांडत नाही,’ असं आता कौतुकाने सांगतात. एखादं पोर चुकून बॅट घेऊन निघालंच, तर बाप खाटेवरूनच ओरडतो, ‘कुठे चालला रे उन्हाचा?’

डिसेंबर महिना, संध्याकाळचे सहा.