पळणारे सर

आटपाडीत सर पुष्कळ. शाळेतले सर, क्लासवाले सर, विम्याचे सर, आणि निवृत्त होऊन नुसतेच उरलेले सर. त्यात अलीकडे भर पडली आहे ती पळणाऱ्या सरांची. हा कुणी एक माणूस नाही, हा वाण आहे. विट्याला असेल, दहिवडीला असेल, सांगोल्याला तर दोन असतील. वय पंचावन्नच्या पुढं, शुगरचा रिपोर्ट हातात, मुलगा पुण्यात कंपनीत, आणि त्या मुलानं पाठवलेले पोपटी बूट पायात. खिल्लार बैल बुजावा असा त्या बुटांचा रंग.

माणदेशात माणूस विनाकारण पळत नाही. एसटी सुटली, बैलानं दावं तोडलं, टँकर आला, अशी काहीतरी निकड लागते. सर दिघंचीच्या रस्त्यानं पहिल्यांदा पळत निघाले तेव्हा पहिलीच मोटरसायकल कचकन थांबली.

"काय झालं वो सर? कुनाचं काय वंगाळ?"

"नाही, नाही. जॉगिंग."

"आसं व्हय. बसा मागं, सोडतो."

सरांनी नको म्हटलं. तो गेला आणि मागून दुसरा आला. त्यालाही पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. तिसऱ्यानं तर ऐकूनच घेतलं नाही, दंडाला धरून गाडीवर बसवलं आणि घरी आणून वहिनींच्या ताब्यात दिलं. सरांचा दम पळण्यात कमी आणि खुलाशात जास्त गेला. त्या दिवसापासून सरांना निसर्गाची ओढ लागली.

ते स्वतः तसं सांगतील, 'मला रम्य मार्ग हवा, पाणी हवं, झाडं हवीत.' माझं मत वेगळं आहे. त्यांना ओळखीची माणसं नसलेला रस्ता हवा आहे, आणि तालुक्याच्या गावात रम्य रस्ता एक वेळ सापडेल, हा सापडायचा नाही.

पहिला रम्य मार्ग तळ्याकाठचा. हे तळं रिकामं असतानाही आम्ही पाहिलंय, तेव्हा कुणाला ते रम्य वाटलं नाही. इथली माणसं पाण्यासाठी वर्षानुवर्षं पळाली. 1993 पासून नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. मग केव्हातरी कऱ्हाडजवळच्या टेंभूहून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून या बाजूला आलं. आता काठाला शेकाटे लांब तांबड्या पायांवर उभे असतात आणि सर त्यांचे फोटो काढून ग्रुपवर 'शुभ प्रभात' टाकतात. फोटोत सूर्य, पाणी, पक्षी आणि कोपऱ्यात पोपटी बूट. न दिसणारी गोष्ट म्हणजे कुसळं. काठच्या वाळल्या गवतातून सर जेमतेम हाकेच्या अंतरावर गेले, की मोज्यात कुसळांचं रान माजतं. मग भरावाच्या दगडावर बैठक. एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. कुसळ सरळ ओढलं तर मोडतं आणि टोक आत राहतं. मोजा उलटा करून आतून काढावं लागतं. दुसऱ्या पायाचं आटपेपर्यंत ऊन वर येतं आणि कपडे धुवायला आलेल्या बायका विचारतात, "सर, काटा मोडला का?"

याच काठानं पोलीस भरतीची पोरं पळतात. सोळाशे मीटरवर त्यांच्या नोकरीचे मार्क ठरायचे असतात, त्यामुळे त्यांना सूर्योदय दिसत नाही. ती "सर, कडंला" म्हणून पुढं जातात. तेवढ्या वेळातही सर त्यांना ललिता बाबर सांगतात. मोही काही लांब नाही, तिथली पोरगी 2016 साली रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, माणदेशी माणसाच्या रक्तातच ते आहे वगैरे. 'रक्तातच' म्हणेपर्यंत पोरं पलीकडच्या काठाला असतात.

दुसरा मार्ग स्वतंत्रपूरच्या बाजूचा. औंधच्या राजानं 1939 साली इथं कैद्यांची खुली वसाहत काढली. भिंत नाही, गज नाहीत. कैद्यांनी बायकापोरांसह राहावं आणि शेती करावी. गदिमांची कथा आणि शांतारामबापूंचा 1957 चा 'दो आँखे बारह हाथ' त्यावरचाच. पळायला सबळ कारण आणि मोकळं रान असूनही जिथं माणसं पळाली नाहीत, तिथून सर रोज धापा टाकत पळतात. पहिल्या दिवशी कुणी शिट्टी मारली असेल तर आश्चर्य नको.

त्याच राजाची, बाळासाहेब पंतप्रतिनिधींची, सरांना खरं तर आठवण यायला हवी. आटपाडी त्यांच्याच संस्थानातली. महाराजांनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालायला लावले, त्यावर पुस्तक लिहिलं. त्या व्यायामाला सतरंजीएवढी जागा पुरते आणि मध्येच कुणी लिफ्ट देत नाही. पण सरांच्या घड्याळात नमस्काराचे किलोमीटर होत नाहीत.

तिसरा मार्ग रानातला. आटपाडीच्या संवर्धन राखीव क्षेत्राची घोषणा झाली तेव्हा सरांनी 'आपलं अभयारण्य' म्हणून ग्रुपवर पेढे वाटले, अर्थात चित्रातले. साडेनऊ चौरस किलोमीटरच्या आसपास माळ आणि झाडी, त्यात लांडगा, कोल्हा, खोकड. तिथं त्यांना धनगर भेटला.

"सर, मागं काय लागलंय?"

"काही नाही. पळतोय."

"लांडग्याफुडं पळू नगा. त्येला वाटंल काय तरी हाय."

सरांनी विषय बदलला. घड्याळ दाखवून विचारलं, "तुमचे रोजचे किती किलोमीटर होतात हो?"

"मेंढरं खात्यात तेवढं."

दिवाळीनंतर मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडणारा माणूस तो. सरांची तोवरची चार हजार पावलं त्यानं सौजन्यानं पाहिली आणि तंबाखू पुढं केली.

आता सर पाटाच्या कडेच्या रस्त्यानं जातात. तिथं सावली आहे, वाहतं पाणी आहे आणि माणसं कमी. परवा मात्र वाटेत धनगराची कुत्री आडवी आली. तेवढ्यात दूधवाला देवासारखा आला आणि सर या खेपेला एका शब्दाचाही खुलासा न करता किटल्यांच्या मधोमध बसले. घड्याळ बंद करायचं राहून गेलं. ॲपनं त्या टप्प्यावर सरांना पहिला क्रमांक दिला आणि तो आपोआप ग्रुपवर गेला. तळ्याकाठच्या पोरांना दूधवाल्याचं काही ठाऊक नाही. ती आता रोज पहाटे पाटावर येतात, सर दिसले की वाट देतात आणि विचारतात, "सर, डायट काय घेता?"

सर सांगतात, "दूध."