कॅनडाची फाइल

‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ हे आपल्याकडे माणसाला ऐकवतात. कॅनडा ते पैशाला ऐकवतो. एक्स्प्रेस एंट्रीतून कायम वास्तव्याचा अर्ज करणाऱ्या अनेकांना बँकेतल्या शिलकीची सहा महिन्यांची सरासरी दाखवावी लागते, आणि रक्कम उसनवारीची चालत नाही. मग लग्नात अकराशेचं पाकीट देताना दोनदा विचार करणारे काका बक्षीसपत्रावर ‘परतफेडीची अपेक्षा नाही’ म्हणून झोकात सही ठोकतात. व्याजाचं तोंडी ठरतं.

अर्ज करण्याचं आमंत्रण आलं की हातात 60 दिवस. त्यात जुन्या साहेबाकडून पद, पगार, कामाचे तास आणि जबाबदाऱ्यांचं पत्र आणायचं. अप्रेझलला ज्याला तुमचं काम कधी दिसलं नाही, तोच आता तुम्हीच टाइप केलेल्या दहा जबाबदाऱ्यांखाली शिक्का मारतो. खर्चाच्या एक्सेलमध्ये परीक्षा, मेडिकल, पोलिस दाखला असे रकाने. सगळ्यांत फुगलेला ‘किरकोळ’.

आयईएलटीएसचं इंग्रजी 2 वर्षांत शिळं होतं, पदवीचं मूल्यांकन 5 वर्षांत, आणि तिशीपासून दर वाढदिवसाला गुण घटतात. कामाच्या अनुभवाला गुण आहेत. कागद जमवण्याच्या अनुभवाला मात्र एकही नाही.