उघडली की संपली

ज्यांच्या जाण्याने कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं नाही अशा वस्तूंची यादी केली, तर अमेरिकेतल्या ‘ईझी-डी’ या तबकडीचं नाव बरंच वर लागेल. २००३ साली डिस्नेने ऑस्टिन, कॅन्सस सिटी, पिओरिया अशा निवडक गावांत ती विकायला काढली. दिसायला डीव्हीडी, घरातल्या कुठल्याही साध्या प्लेयरमध्ये चालणारी. फक्त पाकीट फोडल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत तिने मान टाकायची, असा करार. किंमत सात डॉलरच्या आसपास. सिनेमा बघा, तबकडी फेकून द्या, दुकानात परत करायला जायची यातायात नाही. पिओरियाची निवड तर खास होती. नाटक-तमाशाच्या जमान्यापासून अमेरिकेत कुठलाही नवा खेळ काढला की ‘पिओरियात चालेल का?’ असं विचारायची पद्धत आहे. ईझी-डी पिओरियात चालली. ठरल्याप्रमाणे दोन दिवस. नंतर सगळीकडे तिचं जे हसं झालं ते आजतागायत सुरू आहे. माझं म्हणणं असं की हसणाऱ्यांनी भलत्याच वस्तूवर आपलं हसू खर्च केलं. सिनेमाच्या धंद्याने गिऱ्हाइकाच्या हातात आजवर जे जे ठेवलं, त्यात ही अल्पायुषी तबकडी सगळ्यांत सचोटीची होती. तिला हाकलून लोकांनी जे घरात घेतलं, त्याच्या आयुष्याचा तर काही भरवसाच नाही.

वर्तमानपत्रांनी तिला ‘स्वतःचा नाश करणारी डीव्हीडी’ म्हणून तिचं अर्धं नुकसान आधीच केलं होतं. असं काही वाचलं की माणूस धूर, ठिणग्या, निदान एखादा फुसका आवाज तरी होईल अशी आशा धरतो. हेरगिरीच्या मालिकेत निरोप ऐकवून पाच सेकंदांत जळून जाणाऱ्या टेपने या बाबतीत लोकांच्या अपेक्षा फार वाढवून ठेवल्या आहेत. प्रत्यक्षात ही तांबडी तबकडी नुसती काळवंडत जायची. डीव्हीडी म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या. फ्लेक्सप्ले नावाच्या कंपनीने त्यांच्यामधल्या चिकट थरात ल्युको मेथिलीन ब्लू नावाचं बिनरंगाचं द्रव्य मिसळलं. त्याची प्राणवायूशी गाठ पडली की ते निळं होतं, निळं झालं की तांबडा प्रकाश गिळतं, आणि डीव्हीडी वाचणारा लेसर तर तांबडाच असतो. चिरलेलं वांगं उघड्यावर काळं पडतं, त्यातलाच प्रकार. वांग्याला पाण्यात बुडवतात, हिला प्राणवायू काढून टाकलेल्या पाकिटात कोंडलं होतं. खरं कसब मुदत जमवण्यात होतं. द्रव्य लगेच निळं झालं असतं तर नावं संपायच्या आत पडदा पडला असता. म्हणून त्याच्या रेणूला आणखी एक रासायनिक टोपी घातलेली होती, ती आधी हळूहळू उतरायची आणि मग पुढचा कारभार. मेथिलीन ब्लू हे द्रव्य तसं खानदानी. पॉल एर्लिख यांनी १८९१ मध्ये ते हिवतापाच्या रोग्यांवर वापरून पाहिलं होतं. शतकानंतर ते सिनेमाच्या रोग्यांवर वापरलं गेलं.

एवढा खटाटोप कशासाठी? तर उशिराच्या दंडासाठी. त्या काळात अमेरिकेत सिनेमा भाड्याने देणारी सर्वांत मोठी साखळी ब्लॉकबस्टर होती, आणि २००० साली तिने नुसत्या दंडापोटी सुमारे ऐंशी कोटी डॉलर गोळा केल्याचं सांगितलं जातं. म्हणजे माणसं सिनेमा बघायला जेवढी उत्सुक होती तेवढीच तो परत करायला आळशी होती, आणि कंपनीने या आळसावर मजले चढवले होते. नेटफ्लिक्सच्या जन्माची प्रसिद्ध कथाही रीड हेस्टिंग्ज यांना ‘अपोलो १३’ परत करायला उशीर होऊन बसलेल्या चाळीस डॉलरच्या दंडाची. त्यांचे सहसंस्थापक मार्क रँडॉल्फ मात्र ती सोयीची दंतकथा मानतात. पण दंतकथेलाही दंडच लागावा, यावरून दुखणं किती खोल होतं ते कळतं. ईझी-डीने या दुखण्यावर काढलेला तोडगा साधा होता: परत करण्याची जबाबदारी माणसाकडून काढून हवेकडे द्यायची. हवा आळस करत नाही, सुट्टी घेत नाही आणि दंड तर मुळीच लावत नाही.

तबकडीची सचोटी कळायला तिच्या थोरल्या भावाकडे बघायला हवं. १९९८ मध्ये सर्किट सिटी या विजेच्या उपकरणांच्या दुकानसाखळीने डिव्हएक्स नावाची योजना आणली. साडेचार डॉलरच्या आसपास तबकडी घ्यायची. पहिल्यांदा लावल्यापासून अठ्ठेचाळीस तास ती आपली. पुन्हा बघायची तर पुन्हा पैसे. त्यासाठी खास प्लेयर घ्यायचा, तो टेलिफोनच्या तारेला जोडायचा, आणि मग तो प्लेयर अधूनमधून आपणहून कंपनीला फोन करून घरात काय काय बघितलं गेलं याची खबर द्यायचा. स्वतःच्या पैशांनी घरात चहाडखोर आणून बसवायचा आणि वर त्याला टेलिफोनही वापरू द्यायचा, ही कल्पना लोकांच्या फारशी पचनी पडली नाही. जून १९९९ मध्ये योजना बंद झाली, कंपनीला दहा कोटी डॉलरच्या वर खड्डा पडला, आणि ३० जून २००१ नंतर त्या तबकड्या कायमच्या मुक्या झाल्या. ‘आता ही तुमचीच’ म्हणून ज्यांनी जादा पैसे मोजले होते त्यांच्यासुद्धा. डिव्हएक्स मरणार होती ती कंपनीच्या मर्जीने, आणि ती तारीख पाकिटावर नव्हती. ईझी-डीचं मरण पाकिटावर छापलेलं होतं. डिस्ने उद्या बुडाली असती तरी तिने आपले अठ्ठेचाळीस तास इमानाने भरले असते, कारण ती कुणाला फोन करत नव्हती.

आता आक्षेप. पहिला कचऱ्याचा, आणि तो शंभर टक्के खरा आहे. दोन तासांच्या करमणुकीसाठी एक प्लॅस्टिकची चकती आणि एक पाकीट उकिरड्यात पाठवणं याचं समर्थन मी तरी करणार नाही. पर्यावरणवाल्यांनी ओरड केली ती रास्तच होती. त्या ओरडीवर कंपनीने दिलेलं उत्तर मात्र दाद देण्याजोगं होतं: वापरलेली तबकडी पुनर्वापरासाठी आमच्याकडे पाठवा! म्हणजे जी वस्तू परत करावी लागू नये म्हणून रसायनशास्त्राला कामाला लावलं, ती वस्तू चांगलं वागायचं असेल तर परत करायची. फक्त दंड तेवढा गेला. त्याच्या जागी मनाची टोचणी आली, आणि टोचणीतून महसूल मिळत नाही.

दुसरा आक्षेप असा की हिने चोरी थांबली नाही. कशी थांबेल? आत साधी डीव्हीडीच होती. डीव्हीडीचं कुलूप १९९९ मध्येच फुटलेलं. घरच्या संगणकावर नक्कल काढायला अठ्ठेचाळीस तास म्हणजे चोराला रजा देऊन काम करायला लावण्यासारखं. काळवंडायची ती फक्त नेमाने पैसे मोजणाऱ्याची तबकडी. पण हा दोष हिच्या एकटीचा नाही. सिनेमाच्या आजवरच्या सगळ्या कुलपांनी चावी असलेल्या माणसालाच अडवलं आहे.

तिसरा आक्षेप किमतीचा, आणि हा आपल्याला चटकन कळतो. २००७ मध्ये मोझर बेअरने भारतात सिनेमाची व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना विकायला काढली. तीही कायमची, म्हणजे पोरांनी फरशीवर घासेपर्यंत टिकणारी. तिकडे दोन दिवसांच्या पाहुणीला सात डॉलर. भाड्याने याहून स्वस्तात सिनेमा मिळत होता, आणि थोडे पैसे टाकले तर जुने सिनेमे कायमचे विकतही मिळत होते. हिशेबात ही तबकडी हरली हे मला मान्य आहे. पण महाग असणं हा एक गुन्हा आणि फसवणं हा दुसरा, आणि लोकांनी तिला शिक्षा दिली ती न केलेल्या दुसऱ्या गुन्ह्याची. जणू पाकिटावरची मुदत म्हणजे काहीतरी कारस्थान होतं! पहिल्या खेपेच्या सिनेमांत ‘ट्वेंटीफिफ्थ अवर’ होता; पंचविसाव्या तासालाही ती तबकडी ठणठणीत होती, याहून अधिक वचनपूर्ती कोणती कंपनी करते?

राहिला सर्वांत वजनदार आक्षेप: आता या सगळ्याची गरज काय, सिनेमा तर तारेतून येतो, कचरा नाही, काळवंडणं नाही. तर यूट्यूबवर किंवा ॲपलच्या दुकानात भाड्याने सिनेमा घेऊन बघावा. सुरू करायला तीस दिवस, आणि एकदा सुरू केला की साधारण अठ्ठेचाळीस तास. आकडासुद्धा बदललेला नाही! डिव्हएक्स, ईझी-डी आणि फोन, तिन्ही ठिकाणी माणसाच्या करमणुकीला दोनच दिवसांचं आयुष्य. पहिल्या दोघींना लोकांनी खदाखदा हसून घालवलं आणि तिसऱ्याला ‘सोय’ म्हणून पाट मांडला, कारण तिसऱ्याच्या बाबतीत टीपॉयवर काळं प्रेत पडून राहत नाही. भाड्याचं सोडा, ते निदान भाडं आहे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या घोटाळ्यामुळे लोकांच्या किंडलमधून विकत घेतलेली पुस्तकं परस्पर काढून घेतली. त्यांत ऑर्वेलचं ‘१९८४’ होतं, हा योगायोग कुठल्याही विनोदी लेखकाने भडक म्हणून खोडला असता. पैसे परत दिले हे खरं. पण रात्रीतून कपाटातलं पुस्तक नेऊन जागी नोटा ठेवणाऱ्या माणसाला आपण दुकानदार म्हणत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनवर लोकांनी विकत घेतलेल्या डिस्कव्हरीच्या मालिका काढून घेण्याचं जाहीर केलं. बोंबाबोंब झाली, मागाहून नवा करार झाला आणि संकट टळलं. शेवटी कॅलिफोर्नियाला कायदा करावा लागला, तो २०२५ पासून लागू आहे: घेतलेला डिजिटल माल पुढे हातातून जाऊ शकत असेल तर दुकानदाराने ते घेण्याआधी स्पष्ट सांगायचं. ईझी-डीने हे बावीस वर्षं आधी, कायद्याचा बडगा नसताना सांगितलं होतं.

यावर कुणी म्हणेल की डिस्नेची ती सचोटी नव्हती, नाइलाज होता. रसायन खोटं बोलू शकत नाही म्हणून कंपनी खरं बोलली. अगदी कबूल. गाजलेले सिनेमे वर्षानुवर्षं तिजोरीत ठेवून अधूनमधून दर्शन देणाऱ्या डिस्नेला लोकांच्या घरी सिनेमा कायमचा राहावा असं कधीच फारसं वाटलं नसणार. पण गिऱ्हाइकाला हेतूशी काय करायचंय? त्याला तारीख कळली, बास.

डिस्नेने नाद सोडल्यावरही फ्लेक्सप्लेने हार मानली नाही. २००८ मध्ये ती तबकडी पुन्हा आली, या वेळी पाच डॉलरला आणि स्टेपल्स या वह्या-कागद विकणाऱ्या दुकानांत. तोवर चौकाचौकातल्या रेडबॉक्सच्या यंत्रातून डॉलरला एक रात्र सिनेमा मिळू लागला होता आणि नेटफ्लिक्स तारेतून सिनेमे सोडायला लागलं होतं. त्यामुळे खप यथातथाच झाला. दुकान मात्र अगदी योग्य निवडलं होतं. त्याच छपराखाली प्रिंटरच्या शाईच्या डब्याही विकायला असतात. आत शाई शिल्लक असताना ‘संपली’ म्हणून प्रिंटर अडून बसतो, आणि माणसं निमूटपणे नवी डबी घेऊन जातात.