वाजवी शिल्लक

मा. अध्यक्षसाहेब,


कॉलेजांना राजरोस नफा कमावू द्यावा का, असा वाद परवा टीव्हीवर रंगला होता. ऐकून अंगाचा तिळपापड झाला. नफा? आपल्याकडे? आपली संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली. इथे नफा होत नाही, 'वाजवी शिल्लक' उरते. टीएमए पै खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनीच सांगितलंय: विकासापुरती शिल्लक चालेल, नफेखोरी नको.

ती वाजवीच राहावी म्हणून आपण केवढे झटता! इमारत वहिनीसाहेबांची, भाडं ट्रस्ट भरतो. बसगाड्या धाकट्या दादांच्या, मेस मेव्हण्यांची. एवढं भागवल्यावर ट्रस्टपाशी उरणार काय, कपाळ? उद्या कंपनी काढली तर नफा दाखवावा लागेल, वर कर. नकोच ते.

मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी १९८३ साली विनाअनुदानित कॉलेजांना वाट करून दिली, तेव्हा आपली पोरं डोनेशन भरायला कर्नाटकात जात होती. घरातला पहिला इंजिनीअर अशाच कॉलेजांतून निघाला, हे मी नाकारत नाही, मीही त्यातलाच. पुढे १९८७ चा कॅपिटेशन फीबंदीचा कायदा आला. तेव्हापासून डोनेशनची पावती मिळत नाही.

तपासणी समितीच्या आदल्या रात्री टेम्पोतून लेथ आलं. आपल्याच पॉलिटेक्निकचं स्टिकर आम्ही ब्लेडने खरवडलं, पण गोंद राहिला. समितीतले एक सर कौतुकाने त्यावर हात ठेवून उभे राहिले आणि बोट चिकटलं. त्यांनी रुमालाने पुसलं आणि शेरा मारला, 'यंत्रसामग्री समाधानकारक.' दुसऱ्या दिवशी टेम्पो परत.

यंदा प्रत्येक प्राध्यापकाला बारा ॲडमिशनचं टार्गेट आहे. माझी अकरा झाली होती. बाराव्यासाठी एका वस्तीवर गेलो. पोराचे वडील कांदा भरत होते. डोक्याचं फडकं सोडून घाम पुसत म्हणाले, "सर, इंजिनीअर होऊन तुम्हाला पगार किती मिळतो?"

बँकेत जमा होतो तो आकडा मी सांगितला. त्यातला रोखीने आपल्या ऑफिसात परत नेऊन देतो, तो सांगितला नाही. त्यांनी पोराला आतून मार्कशीट आणायला सांगितली.

आपला नम्र,
सहायक प्राध्यापक, मेकॅनिकल